सकाळी किती वाजता उठायचं असतं?

फोंड्याच्या आमच्या दुकानात रात्री साडेआठनंतर येणारं गिऱ्हाईक वेगळं असतं. तापाची, खोकल्याची, लहान मुलांच्या औषधांची धावपळ तोवर आटोपलेली असते. मग येतात ती काउंटरच्या एका टोकाला उभी राहणारी माणसं. दुसरं कोणी असलं तर थांबतात, दुकान रिकामं झालं की घडी पडलेली चिठ्ठी पुढे करतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "ती रात्रीची दे." झोपेच्या गोळीचं नाव कोणी घेत नाही. फार तर आकडा सांगतात, "पॉइंट फाइव्हची."

हे काउंटर सांभाळून मला २६ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत अशा गिऱ्हाइकाला मी दोनच प्रश्न विचारत आलो. चिठ्ठी कधीची आहे, आणि किती दिवसांच्या हव्यात. कायद्याला तेवढंच लागतं. मार्च २०१४ पासून अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं 'एच-१' अनुसूचीत आहेत. विकली की वेगळ्या रजिस्टरात रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, गोळ्यांची संख्या लिहायची आणि रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. माझं रजिस्टर चोख आहे. पण त्यात सकाळ कुठेच नाही. गोळी घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी किती वाजता उठतो आणि उठून काय करतो, याचा रकाना रजिस्टरात नाही, चिठ्ठीवर नाही. स्ट्रिपवरच्या लाल चौकटीत इंग्रजीत छापलेलं असतं की डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेणं धोक्याचं आहे आणि चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. सकाळचा उल्लेख तिथेही नाही. माहितीचा कागद असलाच तर तो मोठ्या डब्यात एकच असतो. आम्ही डबा फोडून एकेक स्ट्रिप विकतो आणि तो कागद दुकानातल्याच कचऱ्याच्या टोपलीत जातो.

हा रकाना हवा, असं माझं म्हणणं आहे. झोपेच्या गोळीबद्दल आपण सगळं रात्रीच्या बाजूनं बोलतो: झोप लागली का, किती वेळात लागली, किती तास लागली. ती उतरते मात्र सकाळी, आणि सकाळी माणूस एकटा अंथरुणात नसतो. रस्त्यावर असतो, मशिनीपाशी असतो, वॉर्डात असतो.

हे मला शिकवलं ते फोंडा-पणजी मार्गावरच्या एका खाजगी बसच्या ड्रायव्हरनं. सव्वासहाची पहिली फेरी त्याची. सकाळी पावणेपाचला उठणारा माणूस. मालकाशी हिशेब, जेवण, घरची भांडणं हे सगळं होऊन रात्री साडेबाराला गोळी घ्यायचा, झोल्पिडेम दहा मिलिग्रॅम. गेल्या वर्षी एका संध्याकाळी आला आणि म्हणाला, "भाई, याहून जोराची आहे का? हिनं दिवसभर अंग जड राहतं, झोप झाल्यासारखी वाटतच नाही." मी चिठ्ठी मागितली, ती जुनीच होती. मग बोलता बोलता म्हणाला, "आज फर्मागुडीचा चढ चढलो ते आठवतं. मग एकदम भोम. मधलं मार्दोळ, मंगेशी कधी गेलं?" त्याला वाटलं, थांबे चुकले. कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, थांबलास की, मंगेशीला चार माणसं चढली.

म्हणजे हात चालत होते, ब्रेक लागत होता, दार उघडत होतं, आणि माणूस तिथे नव्हता. त्या गाडीत चाळीस-पन्नास जण होते. त्यातले काही माझीच गिऱ्हाइकं असतील.

झोल्पिडेम घ्यायची तर पुढे सात-आठ तास झोपायला मोकळे असले पाहिजेत, ही औषधाची पहिली अट आहे. या माणसाकडे सव्वाचार तास होते. ही अट त्याला डॉक्टरांनी सांगितली नव्हती. मीही सांगितली नव्हती.

गोळी शरीरातून कशी उतरते ते गोव्याच्या माणसाला खाजन शेतीवरून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीवरून, चटकन कळेल. भरतीचं पाणी आत आलं की ओहोटीला ते मानशीच्या, म्हणजे बांधातल्या मोरीच्या, दारांतून हळूहळू बाहेर पडतं. मानस रुंद असेल तर लवकर निचरा, अरुंद असेल तर उशिरा. आणि पहिलं पाणी पुरतं उतरण्याआधीच पुढची भरती आली, तर बांधाच्या आतली पातळी वाढत जाते. औषधाचंही तसंच आहे. झोल्पिडेम निम्मी व्हायला साधारण अडीच तास लागतात. अल्प्राझोलमला अकराच्या आसपास. क्लोनाझेपामला तीस ते चाळीस तास. डायझेपामपासून शरीरात जो दुसरा पदार्थ तयार होतो, तो तर दिवसच्या दिवस रेंगाळतो. क्लोनाझेपाम रोज रात्री घेणाऱ्याच्या अंगात आज रात्रीची गोळी पडते तेव्हा कालच्या गोळीतला निम्म्याहून जास्त भाग तसाच असतो. आठवड्याभरात पातळी पहिल्या रात्रीच्या अडीचपटीपर्यंत जाते. "एकच तर छोटी गोळी घेतो" असं म्हणणाऱ्याच्या हिशेबात हे कधीच येत नाही. शरीराला सवय होते आणि गुंगी पहिल्यासारखी जाणवत नाही, हे खरं. मला भीती त्या न जाणवण्याचीच आहे.

एस्झोपिक्लोन नावाच्या गोळीचं उदाहरण घ्या. २५ ते ४० वयाच्या ९१ निरोगी माणसांवर तिची चाचणी झाली. तीन मिलिग्रॅमची गोळी रात्री घेतल्यावर गाडी चालवण्याचं कसब, स्मरण आणि हातापायांचा मेळ यांवरचा परिणाम अकरा तासांनंतरही टिकू शकतो, असं त्यातून दिसलं, आणि पुष्कळदा त्या माणसांना स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ साली त्या गोळीची सुरुवातीची मात्रा दोनवरून एक मिलिग्रॅमवर आणली. "मला काही होत नाही, मी ठणठणीत असतो" हे वाक्य मी काउंटरवर शेकडो वेळा ऐकलं आहे. ते खोटं बोलत नाहीत. ज्या मेंदूनं आपली अवस्था ओळखायची, गोळी त्याच मेंदूवर चाललेली असते.

नेदरलँड्समध्ये हे मोजायची एक पद्धत निघाली. रात्री गोळी घेतलेल्या माणसाला सकाळी खऱ्या हायवेवर शंभर किलोमीटर गाडी चालवायला लावायची. शेजारी दुहेरी ब्रेक असलेला शिक्षक, आणि गाडीवर बसवलेला कॅमेरा रस्त्यावरच्या पट्ट्यापासून चाकाचं अंतर सतत मोजत राहतो. गाडी सरळ रेषेत जाते की डावी-उजवीकडे हेलकावते, एवढंच बघायचं. रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असली की हे हेलकावणं सुमारे अडीच सेंटिमीटरनं वाढतं. झोपिक्लोनची साडेसात मिलिग्रॅमची गोळी घेतलेल्यांमध्ये दहा-अकरा तासांनंतरही हेलकावणं तेवढं किंवा त्याहून जास्त भरलं. आपल्याकडे दारूची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे त्याहूनही कडक. अडीच सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण कुंडईजवळ सकाळी सातला बसच्या डाव्या बाजूनं स्कूटर घालणारी कॉलेजची मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिच्या हँडलमध्ये आणि बसच्या पत्र्यामध्ये किती अंतर असतं?

मोटार वाहन कायद्याच्या १८५व्या कलमात दारूबरोबर 'ड्रग'चाही उल्लेख आहे. त्याच्या अमलाखाली गाडी ताब्यात ठेवता येत नसेल तर तोही गुन्हाच. पण नळीत फुंकर मारून दारू कळते, गोळी कळत नाही. आणि आपली नाकाबंदी लागते ती रात्री, बार बंद व्हायच्या सुमाराला. सकाळी सहाला फोंड्याच्या स्टँडवर नळी घेऊन कोणी उभं राहत नाही. राहावं असंही मला वाटत नाही. चिठ्ठीवर औषध घेणाऱ्याला पोलिसाच्या हाती दिलं तर तो उद्यापासून चिठ्ठीच दाखवणार नाही, ओळखीच्या कोणाकडून मिळवेल आणि आहे तेवढीही नोंद बुडेल. हा प्रश्न पोलिसांचा नाही. तो दवाखान्याचा आहे, माझ्या काउंटरचा आहे आणि पहाटे माणसं कामाला लावणाऱ्या मालकांचा आहे.

त्यातही बायकांचं वेगळं सांगायला हवं. झोल्पिडेम अमेरिकेत १९९२ साली मंजूर झाली. बायकांच्या शरीरातून ती पुरुषांपेक्षा सावकाश उतरते म्हणून त्यांना निम्मी मात्रा द्यावी, दहाऐवजी पाच, हा आदेश निघाला जानेवारी २०१३मध्ये. दहाची गोळी घेतल्यावर आठ तासांनी शंभरातल्या सुमारे १५ बायकांच्या रक्तात गाडी चालवणं बिघडवण्याइतकं औषध शिल्लक होतं. पुरुषांत हे प्रमाण ३. म्हणजे वीस वर्षं बायका पुरुषांच्या मापाची गोळी घेत होत्या आणि सकाळची सुस्ती आपल्याच स्वभावावर ढकलत होत्या. आज माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांत बाईचं नाव आणि पुढे दहा हा आकडा मला अजूनही दिसतो.

या बायका कोण असतात? वेर्ण्याच्या, कुंडईच्या कारखान्यांत पॅकिंगला जाणाऱ्या. दुपारची पाळी रात्री दहाला सुटते, कंपनीची बस फिरत फिरत अकराच्या पुढे घरी सोडते. पाळी बदलली की पुढच्या आठवड्यात पहाटे पाचलाच बसची वाट बघत नाक्यावर उभं राहायचं. हॉटेलांत हाऊसकीपिंग करणाऱ्या, कसिनोत रात्र जागून दिवसा झोपू पाहणाऱ्या, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नाइट करणाऱ्या नर्स. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे-डिचोलीच्या टॅक्सीवाल्यांची रात्रही तुटली. गोव्याला 'सुशेगाद', म्हणजे निवांत, म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे पाचला आमच्या नाक्यांवर येऊन बघावं. या माणसांची झोप आजारानं गेलेली नाही, वेळापत्रकानं गेली आहे. तिला गोळी हे उत्तर आपण देतो, कारण वेळापत्रक बदलण्यापेक्षा गोळी स्वस्त पडते.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो मला अनेक डॉक्टरांनी तोंडावर ऐकवला आहे. गोळी नको म्हणतोस, पण न झोपलेला माणूस काय कमी धोक्याचा? अजिबात नाही. सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा वागतो, हे १९९७ साली 'नेचर'मध्ये छापून आलेल्या प्रयोगानं दाखवलंच आहे. घरात मृत्यू झाला, मुलगी अतिदक्षता विभागात आहे, अशा वेळी चार रात्री गोळी देणं ही दयाच आहे. आणि जे वर्षानुवर्षं घेत आहेत त्यांनी हा लेख वाचून आज रात्री गोळी फेकून द्यावी, असं तर मी मुळीच म्हणत नाही. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम यांसारखी औषधं एकदम बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा थोडी थोडी उतरवतच सोडायची असतात. कोणती गोळी, किती, किती रात्री, हे ठरवताना रुग्णाची सकाळ चिठ्ठीत धरा, एवढंच मागतो आहे. पहाटे उठणाऱ्याला लांब पल्ल्याची, अंगात रेंगाळणारी गोळी नको. साडेबाराला झोपून पावणेपाचला उठणाऱ्याला तर कोणतीच नको. त्याला आधी फेरी बदलून हवी.

आता घरचं सांगतो. माझी आई ७४ वर्षांची होती. बाबा गेल्यावर तिची झोप उडाली. डॉक्टरांनी अल्प्राझोलम पॉइंट टू फाइव्ह लिहून दिली, मीच माझ्या दुकानातून नेली, मीच रोज रात्री दुधाबरोबर द्यायचो. गुण आला म्हणून खूश होतो. आई जन्मभर पहाटे पाचला उठून अंगणातल्या तुळशीला पाणी घालणारी. जुलै महिना होता, चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं. तांब्याचा आवाज आला म्हणून धावलो तर ती पायरीवर बसलेली, उजवं मनगट वाकडं झालेलं, आणि मला म्हणते, "अरे, पाऊल टाकलं असं वाटलं, पण टाकलंच नव्हतं." त्या वाक्यावर मी फार विचार केला आहे. शेवाळ होतं, वय होतं, अंधार होता, हे सगळं खरं. पण आदल्या रात्री साडेदहाला दिलेल्या गोळीतली निम्म्याहून जास्त तेव्हा तिच्या अंगात होती, हे मला, औषधशास्त्राची पदविका भिंतीवर लावून बसलेल्या माणसाला, त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. ती किती वाजता उठते हे मला पाठ होतं. ते आणि गोळी मी एका जागी आणून कधी बघितलंच नाही.

२०११च्या जनगणनेत साठीपुढच्यांचं प्रमाण केरळखालोखाल गोव्यात सर्वांत जास्त होतं. मुलं पुण्या-मुंबईला, आखातात, बोटीवर. मोठ्या घरात एकटं माणूस, दुपारी जेवून दोन-दोन तासांची झोप, आणि मग रात्री डोळा लागत नाही म्हणून गोळी. २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये साठीपुढच्या माणसांवरच्या चाचण्यांचा एकत्र हिशेब आला होता. गोळीनं झोप वाढते सुमारे २५ मिनिटं. तेरा जणांना गोळी द्यावी तेव्हा एकाला स्पष्ट लाभ होतो, आणि सहा जणांना दिली की एकाला काही ना काही अपाय. पंचवीस मिनिटं! दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली तर तेवढी रात्रीच्या पदरात पडावी. गोळी पुढे सरकवण्याआधी हे म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगायला कोणीतरी बसलं पाहिजे, आणि बसायला कोणाकडेच वेळ नसतो.

वेळ काढता येतो, हे मात्र गोव्यानंच जगाला दाखवलं आहे. १९९६ साली इथे सुरू झालेल्या 'संगात' या संस्थेनं गावातल्या साध्या, वैद्यकीय पदवी नसलेल्या माणसांना शिकवून आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं. नैराश्याच्या आणि दारूच्या रुग्णांना त्यांच्या बोलण्यानं खरोखर उतार पडतो, हे चाचण्यांनी सिद्ध झालं आणि २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. निद्रानाशावरही गोळीविना उपचार आहे. उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, झोप येत नसेल तर अंथरूण सोडून उठायचं, अंथरुणात फोन नाही, हिशेब नाही, दुपारची झोप आवरती, आणि "आज झोप लागली नाही तर उद्या माझं कसं होईल" या भीतीशी समोरासमोर बोलायचं. सहा-आठ बैठका. जुनाट निद्रानाशावर आधी हाच उपचार करावा, औषध नंतर, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ साली सांगितलं. पहिले काही आठवडे यातही दिवसा पेंग येते, त्यामुळे ड्रायव्हरला तेवढे दिवस सांभाळावं लागेल. पण पुढे सकाळी अंगात काही उरत नाही. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मधुमेहाचा, रक्तदाबाचा दिवस ठरलेला असतो. आठवड्यातली एक दुपार झोपेसाठी का नसावी? माणसं शिकवण्याची रीत इथेच तयार झाली आहे.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया या संमोहनतज्ज्ञाचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा आमचा माणूस पॅरिसला जाऊन सांगत होता की निद्रा ही संमोहन करणाऱ्याच्या हातातून येत नाही, ती झोपणाऱ्याच्याच मनातून येते. आजच्या चाचण्या त्याच्यापासून फार लांब नाहीत. झोपेच्या गोळीनं जो गुण दिसतो त्यातला जवळजवळ निम्मा गुण साखरेच्या गोळीनंही दिसतो. मनात एवढी ताकद आहे तर तिला आठ बैठका द्यायला सरकारला फार मोठा खर्च येऊ नये.

तोवर मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. गोळ्या ज्या कागदी पाकिटात घालून देतो, त्यावर पूर्वी नुसतं 'रात्री १' लिहायचो. आता खाली मराठीत किंवा कोंकणीत लिहितो: 'उद्या सकाळी अमुक वाजेपर्यंत गाडी नको, मशीन नको.' लांब पल्ल्याची गोळी असेल तर पाकीट देण्याआधी डॉक्टरांशी बोलतो. वर पेग घेण्याची सवय असेल, सर्दीची गुंगीची गोळी चालू असेल, तर तेही विचारतो, कारण दोन्ही मिळून सकाळ आणखी लांबते. असा शिक्का प्रत्येक दुकानात असावा, सरकारनं तो मराठीत आणि कोंकणीत छापून द्यावा. चिठ्ठीवर वय-वजनाशेजारी उठण्याची वेळ लिहायची पद्धत पडावी. आणि कंपन्यांनी, बसमालकांनी 'मला गोळी चालू आहे' असं सांगणाऱ्याला महिनाभर पहाटेची पाळी देऊ नये, पगारही कापू नये. तो बसवाला गोळी लपवत होता, कारण पहिली फेरी गेली की त्याचा भत्ता जातो. ती भीती असेपर्यंत कोणीच खरं बोलणार नाही.

गेल्या महिन्यात कुंडईला कामाला जाणारी एक मुलगी झोल्पिडेम दहाची नवी चिठ्ठी घेऊन आली. मी विचारलं, "बाय, सकाळी किती वाजता उठायचं असतं?" ती गोंधळली. औषधाच्या दुकानात हे कोण विचारतं? म्हणाली, "या आठवड्यात साडेचारला." "आणि रात्री निजतेस कधी?" "बारा होतात." मी तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. त्यांना पाळीचं माहीत नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, पहाटेच्या पाळीत देऊच नको, पुढच्या आठवड्यात दुपारची पाळी लागली की पाचची सुरू कर, दहाच दिवस, आणि मग मला येऊन भेटायला सांग. मी चिठ्ठीवर दहाच्या जागी पाच लिहून घेतलं, तारीख टाकली, रजिस्टरातही तसंच नोंदवलं. फोनला दीड मिनिट लागलं.